जागलीला कुत्रं नेताय? आधी लस टोचून घ्या

हरभरा वर आला की डुकरं अन् रोह्यांपायी (नीलगायींपायी) जागल, म्हणजे रातची राखण, सुरू होते, आणि जागल म्हटली की सोबत कुत्रं आलंच. पण याच डिसेंबर-जानेवारीत खोकडांच्या (वावरातल्या लहान कोल्ह्यांच्या) जोड्या जमतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून पडीक वावरात, धुऱ्याच्या बिळात पिल्लं असतात, कुत्र्याचा रोग त्यांना लागू शकतो, म्हणून लसीचं काम आत्ताच उरका, होळीची वाट पाहू नका.

खरी भीती डिस्टेंपर अन् पार्वो या विषाणूंच्या दोन रोगांची. डिस्टेंपरमध्ये कुत्र्याच्या डोळ्या-नाकातून पिवळी चिकट घाण येते, खोकते, मग उगाच जबडा चावत राहते, झटके येतात, लोक म्हणतात पिसाळलं, आणि नुसतं पाहून फरक खरंच सांगता येत नाही, तर हात न लावता डॉक्टरला फोन करा. पार्वोत रक्ताची हगवण लागते, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो अन् खोकड तिथंच हुंगत फिरते. सोलापूरकडच्या नान्नज भागात गावकुत्र्यांत अन् खोकडांतही या दोन्ही रोगांची लागण होऊन गेल्याचं तपासणीत दिसलंय. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटावर तर १९९९ च्या सुमारास बाहेरून आलेल्या डिस्टेंपरनं तेराशेच्या आसपास असलेली खोकडं शंभरावर आणली, मग लस देऊन अन् पिंजऱ्यात पैदास करून ती सावरली. आपलं खोकड अजून एवढं दुर्मीळ नाही, पण वावरातले उंदीर फुकटात खाणारा गडी आहे राजेहो.

पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत, पुढचा बूस्टर डॉक्टर सांगतील तसा. रेबीजची लस वेगळी, पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. डिस्टेंपर-पार्वोची बरेचदा मेडिकलमधून आणावी लागते, तर बर्फ टाकलेल्या थर्मासमध्ये आणा, शर्टाच्या खिशात घालून गाडीवर आणलेली लस टोचली काय अन् पाणी टोचलं काय.

खरूज झालेल्या कुत्र्याला जळालं ऑइल चोपडू नका, ते चाटते अन् विष पोटात जाते. मेलेलं पिल्लू नाल्यात फेकायचं नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. बीळ दिसलं तर त्या बाजूला कुत्रं बांधूनच ठेवा. आणि कुत्रं असो की खोकड, चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-मिरची न भरता त्याच दिवशी पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) गाठा.