सिग्नलवर चढणारा काटा आणि तुटलेला बोल्ट

घरी पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे आणि तिचं काम स्वतः शिकायचंय, अशा नवशिक्यांसाठी माझा एका मे महिन्याचा अनुभव सांगतो. त्या महिन्यात मी इतका वैतागलो होतो की पाने-हत्यारं विकून टाकायचं ठरवलं होतं.

बाबांची जुनी मारुती 800. कार्बुरेटरवाली, 796 सीसी, तीन सिलिंडर. शिकायला याहून चांगली गाडी नाही असं माझं मत आहे. बॉनेट उघडलं की सगळं दिसतं आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत अजनी चौकातल्या सिग्नलवर टेम्परेचरचा काटा चढू लागला. पुढे वर्धा रोडला गाडी मोकळी धावली की तो आपोआप उतरायचा. शेजारचे काका म्हणाले, "थर्मोस्टॅट गेला असन." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे जायला वाट उघडणारी झडप. मी लगेच नवा आणला आणि रविवारी सकाळी काम काढलं.

थर्मोस्टॅटच्या झाकणाला दोन बोल्ट. पहिला सुटला. दुसऱ्याला 12 नंबरचा पाना लावून जोर दिला, तर आधी तो स्प्रिंगसारखा पिळल्यासारखा वाटला आणि मग कट्‌ असा आवाज येऊन डोकं हातात आलं. दांडा आत ॲल्युमिनियममध्ये तसाच राहिला. दुकानं बंद, गाडी उघडी, आणि बाबांना सोमवारी डॉक्टरकडे जायचं होतं. त्या क्षणी पोटात जो गोळा येतो, तो ज्याच्या हातून बोल्ट तुटलाय त्यालाच कळतो.

या बोल्टांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाडीवर दिवस वाया जातो तो इथेच. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं ओलीत राहिला की दोन्ही धातूंमध्ये गंज धरतो आणि आटे जाम होतात. म्हणून काम काढायच्या आदल्या संध्याकाळी वायर ब्रशने बोल्ट साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्या आणि रात्रभर तसंच राहू द्या. फिक्स पाना लावू नका, सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावा. आधी बोल्ट अगदी केसभर आवळा आणि मग सोडा. थोडा सुटला की पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. इंजिन कोमट असेल तर मदत होते, कारण उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं आणि पकड सैल पडते. कोमटच मात्र. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि थेट तोंडावर उडतं. आणि बोल्ट पिळल्यासारखा वाटला की तिथेच हात थांबवा. पुन्हा तेल मारा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

सोमवारी बाबा ऑटोने गेले. मी वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना घरी घेऊन आलो. त्यांनी तुटक्या दांड्यावर एक नट वेल्ड केला, थंड होऊ दिला आणि पान्याने दांडा अलगद बाहेर काढला. वेल्डिंगच्या आधी त्यांनी बॅटरी सोडवली होती, हे लक्षात ठेवा. मग ते म्हणाले, "भाऊ, काहून घाई करून राहिले? जुना थर्मोस्टॅट तपासला का तुम्ही?"

नव्हता तपासला. आईकडून टाकाऊ पातेलं मागून घेतलं आणि जुना थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकवला. त्यावर 82 कोरलेलं होतं. पाणी तापत गेलं तशी त्याची झडप उघडली, अगदी व्यवस्थित. (ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरू नका, आणि काढलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, रस्त्यावर ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्यांसाठी जीवघेणं.)

खरं उत्तर पहिल्या दिवसापासून समोर होतं. गाडी उभी असताना काटा चढतो आणि धावताना उतरतो, म्हणजे रेडिएटरला वारा फक्त धावतानाच मिळतोय. पंखा बघायला हवा होता. काटा उलट हायवेवरच चढत असता, तर मी आधी रेडिएटरवर संशय घेतला असता. आपल्याकडे बोअरचं पाणी टाकायची सवय आहे आणि त्याच्या क्षाराने रेडिएटरच्या नळ्या बुजतात. पाणी तापलं की पंखा सुरू करणारा एक स्विच असतो. मी त्या स्विचचा कनेक्टर काढून वायरीच्या तुकड्याने जोडला, तर पंखा लगेच फिरला. मोटर ठीक होती, स्विच मेला होता. ही युक्ती जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांवरच करा. पंखा संगणकावर चालणाऱ्या गाडीत असं काही जोडू नका.

स्विचला जेवढे पैसे लागले, त्याच्या कितीतरी पट मी न बिघडलेला थर्मोस्टॅट आणि वेल्डिंग यावर घालवले होते. तेव्हापासून एखाद्या पार्टने स्वतःचा बिघाड दाखवल्याशिवाय मी तो सोडवत नाही. रविवारी काम काढत नाही, आणि गाडीची दुसऱ्या दिवशी गरज असेल तर अजिबातच नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगची कामं पहिली दोन-तीन वर्षं जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच केली. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवला नाही, घोडी (गाडीला खालून आधार देणारा स्टँड) लावली.

कूलंट भरताना आत हवा अडकते. गाडीचं नाक चढावर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, थंड इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. सकाळी पातळी अर्धा ग्लास उतरली होती, ती भरून घेतली. मग बाबांना बसवून भर दुपारी व्हरायटी चौकात गेलो. सिग्नल लाल. काटा अर्ध्यावर आला, थोडा वर सरकला, आणि बॉनेटखाली पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांनी काच खाली करून तो ऐकला.