आजोबांच्या आठवणी लिहायच्यात पण सुरुवात कुठून करायची?

आजोबा जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो, पहिलं वाक्य लिहिलं 'आजोबा खूप कष्टाळू आणि प्रेमळ होते' आणि तिथेच अडकलो, दोन आठवडे पुढे एक ओळ सरकली नाही. मग लक्षात आलं की हे वाक्य कुणाच्याही आजोबांना चालेल, माझे आजोबा त्यात कुठेच नाहीत. त्यानंतर जे जे करून बघितलं आणि ज्याचा खरंच उपयोग झाला ते सांगतोय.

सगळ्यात आधी विशेषणं बाजूला ठेवा आणि त्यांचा एक साधा दिवस लिहा. लग्न, बढती, आजारपण असलं मोठं काही नको, कुठलाही रोजचा दिवस घ्या. किती वाजता उठायचे, उठल्या उठल्या आधी कशाला हात लावायचे, निघताना सोबत काय घ्यायचे, परत आले की घरातल्यांना कसं कळायचं, झोपायच्या आधीचं शेवटचं काम कुठलं. कष्ट करणारी माणसं स्वतःबद्दल फारसं बोलत नाहीत, त्यांचा सगळा स्वभाव कामात उतरलेला असतो, त्यामुळे काम नीट लिहिलंत की माणूस दिसायला लागतो. त्यांच्या हातांवर तर वेगळं पानभर लिहा, घट्टे कुठे होते, कुठली वस्तू कशी धरायचे, मोडलेलं काही दुरुस्त करताना मध्येच थांबून काय बघायचे. माझं सगळं लिखाण त्या एका पानावरूनच पुढे गेलं.

आता विचारायचं कुणाला? आजी असेल तर आधी आजी, मग त्यांची भावंडं, मग कामावरचे सोबती, आणि जे वयाने सगळ्यात मोठे त्यांच्याकडे आधी जा, हे पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. मी आजोबांच्या एका जुन्या सोबत्याला भेटायचं चार महिने लांबवलं आणि तेवढ्यात तेही गेले, त्यांच्याबरोबर आजोबांची कामावरची दहा वर्षं गेली आणि ती आता मला कुणीच सांगू शकत नाही.

प्रत्येकाशी शक्यतो एकट्याने बोला. चारचौघांत एकजण ठासून सांगतो आणि बाकीचे मान हलवतात, पुढे त्यांनाही तसंच आठवायला लागतं. 'आजोबा कसे होते?' असं विचारू नका, 'चांगले होते हो' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ते चिडले की काय करायचे, पहिल्या पगाराचं काय केलं, कुणापुढे कधी नमतं घेतलं का. हातात एखादा जुना फोटो नाहीतर त्यांची रोजची वस्तू द्या, चष्मा, घड्याळ, काहीही, आठवणी भराभर येतात. अजून एक गोष्ट, माणसाला उतारवयात साधारण 10 ते 30 या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, म्हणून आजोबांचं तरुणपण त्यांच्या भावंडांना विचारा आणि त्यांची मधली वर्षं आत्या-काकांना, कारण तेव्हा ती मंडळी स्वतः त्या वयात होती. बोलताना समोरचा गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थांबा, बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतरच येते. आणि रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद करा आणि नुसतं शेजारी बसा.

रेकॉर्डिंगला साधा मोबाईल पुरतो. आधी विचारून घ्या, पंखा-टीव्ही बंद करा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर नेमका रंगात आल्यावर फोन येतो, आणि सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते मोठ्याने सांगा. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका, म्हातारी माणसं दमतात पण बोलत नाहीत.

फोटोंचं म्हणाल तर लहान फोटो 600 डीपीआयला (स्कॅनरमधलं बारकाव्याचं सेटिंग) स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा करा कारण तिथे कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने अगदी हलक्या हाताने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन अजिबात नको, आणि चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, निघत नसेल तर पानासकटच मोबाईलने त्याचा फोटो काढा. नातेवाईकांना सांगा की व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधं पाठवलं तर क्वालिटी कमी होते. सगळ्याच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी (जसं हार्ड डिस्क आणि ऑनलाइन), त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

साल मात्र कुणाच्याच डोक्यात नीट नसतं. 'मोठ्याच्या जन्माआधी की नंतर?', 'आधीच्या घरात असताना का?' असं विचारत जा आणि मग दाखले, नोकरीचे कागद, जुनी पत्रं यांच्याशी ताडून बघा. दोघांनी दोन सालं सांगितली आणि कागद मिळाला नाही तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा.

आणि अवघड गोष्टी गाळू नका. माझे वडील म्हणाले, 'लहानपणी आम्ही त्यांना बहुतेक झोपलेलेच बघितलं', कारण दोन-दोन कामं करून ते रात्री उशिरा यायचे आणि मुलं उठायच्या आत गेलेले असायचे. हे लिहू की नको असं मला खूप दिवस वाटत होतं. पण घरासाठी त्यांनी स्वतःला किती वाहून घेतलं होतं आणि त्याची किंमत घरानेही दिली, हे दोन्ही त्या एकाच वाक्यात होतं, म्हणून ते तसंच ठेवलं, वडिलांना विचारून.

सगळं लिहून झालं की आधी घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. मी आजीला वाचून दाखवलं, डोळे मिटून ती सगळं ऐकत होती, कामावरून परत येतानाचा भाग आला तेव्हा मला थांबवलं आणि म्हणाली, 'रुमाल खांद्यावर नसायचा रे, डाव्या हातात असायचा, दारातच घाम पुसायचे आणि मग हसून आत यायचे.'