पुढाऱ्याची बोलकी बाहुली घरी कशी करायची

गणपतीच्या देखाव्यासाठी किंवा यूट्यूबसाठी पुढाऱ्यांच्या बाहुल्या करायच्या असतील तर आधी ब्रिटनच्या ‘स्पिटिंग इमेज’च्या जुन्या क्लिपा बघा, १९८४ ते १९९६ आयटीव्ही या वाहिनीवर चाललेला पुढाऱ्यांच्या रबरी बाहुल्यांचा कार्यक्रम, त्यात पंतप्रधान थॅचरबाईंना पुरुषी सूट घातलेला आणि त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन मेजर तर अख्खे करड्या रंगाचे, कारण ते लोकांना फिके वाटायचे. म्हणजे चेहरा हुबेहूब नको, त्या माणसाबद्दल लोकांच्या मनात जे आहे ते चेहऱ्यावर आणायचं. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि बहुतेक जण नेमकं इथंच घाई करतात.

फोटो समोर ठेवून आधी कागदावर व्यंगचित्र काढा, एकच गोष्ट मोठी करा, भुवया किंवा हनुवटी, सगळंच फुगवलं तर माणूस ओळखू येत नाही. मग शाडूत डोकं घडवा आणि त्याच्यावर प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा काढा. साचा जमत नसेल तर कोल्हापुरात बापट कॅम्पात नाहीतर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन विचारा, पण गणपती झाल्यावर जावा, त्याआधी त्यांना मान वर करायलासुद्धा सवड नसते. साच्याला आतनं तेल अजिबात लावू नका, तेलानं लेटेक्स (बाहुलीची कातडी ज्याची करायची ते पातळ रबर) खराब होतं, आणि कोरडं प्लॅस्टर पाणी शोषून घेतं म्हणून तर थर धरतो. लिक्विड लेटेक्सचे पातळ पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू दे, पावसाळ्यात लय वेळ लागतो, धीर धरा. अमोनियाचा वास येतो, खिडक्या उघड्या पाहिजेतच. काढताना टाल्कम पावडर मारा म्हणजे चिकटत नाही. आत स्पंज भरा, हात जाईल एवढी जागा सोडून. केस, कपडे तुम्हाला जमतील तसे.

तोंड चालवायला चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. बोलताना अंगठा खाली गेला पाहिजे, वरची बोटं उचलली की डोकं मागं पडतं आणि बाहुली आभाळाकडं बघत बोलल्यासारखी दिसते. आरशासमोर रोज सराव करा भावांनो, दुसरा उपाय नाही.

आवाज आधी रेकॉर्ड करा. संवाद त्या पुढाऱ्यानं जाहीरपणे केलेल्या किंवा बोललेल्या गोष्टीवरच लिहा. जात, आजारपण, घरातली माणसं यावर एक ओळपण नको, सत्तेतल्या माणसाला त्याच्या कामाचा जाब विचारणं हा आपला हक्क आहे पण तो हक्क तेवढ्यापुरताच. व्हिडिओत सुरुवातीलाच ही नक्कल आहे असं मोठ्या अक्षरात टाका.

शूटिंगला कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. ओठ आवाजाच्या मागं राहिले तर तिथल्या तिथं परत शॉट घ्या, एडिटिंगमध्ये ते नीट होत नाही.