अल्टिमीटर घड्याळ: मराठवाड्याच्या उन्हात कसं निवडाल, कसं वापराल

अल्टिमीटर घड्याळ म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं मनगटी घड्याळ. हे घड्याळ उंची थेट मोजत नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा हिशेब करतं. आपल्याकडे ६०० मीटर उंचीच्या आसपास १ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब घटला की घड्याळ साधारण ९ मीटर उंची वाढवतं. मग दाब चढाईने घटो की हवामानाने, घड्याळाला त्यातला फरक कळत नाही.

मराठवाड्यात याचा फटका रोज बसतो. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारपर्यंत, विशेषतः उन्हाळ्यात, ३ ते ४ हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे दिवसभर एकाच झाडाखाली बसलात तरी घड्याळ तुम्हाला पंचवीस-तीस मीटर वर चढवून ठेवतं. दुसरी चूक उष्णतेची. घड्याळाचं गणित समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार मीटरला ६.५ अंश घट, असं धरून केलेलं असतं. मे महिन्यात ४० अंशांत गरम हवा विरळ असते, त्यामुळे चढताना दाब हळू घटतो आणि बहुतेक घड्याळं चढाई सुमारे दहा टक्के कमी दाखवतात. देवगिरीची पायथ्यापासूनची सुमारे २०० मीटरची चढाई १८० भरली, तर घड्याळ बिघडलं असं समजू नका.

म्हणून निघण्याआधी उंची हाताने लावा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते; ती भरायला सर्वांत सोपी. डोंगरात भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,०००चा नकाशा घ्या. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारण २० मीटर उंचीच्या फरकाने असतात. खिंड किंवा शिखर अशी पक्की जागा आली की आकडा पुन्हा जुळवा. गौताळा अभयारण्यासारख्या दिवसभराच्या भटकंतीत दुपारी एकदा तरी जुळवाच.

मुक्कामाला घड्याळ बॅरोमीटर मोडवर (उंचीऐवजी दाब दाखवणाऱ्या) टाका. उंची स्थिर आहे हे कळलं की ते दाबातला बदल हवामानाचा म्हणून दाखवतं. काही घड्याळांचा वादळाचा इशारा तीन तासांत ४ हेक्टोपास्कल घट झाली की वाजतो. आपल्याकडे दुपारची नेहमीची घट त्याच्या जवळ जाते, त्यामुळे तो कधी उगाच वाजेल. उलट वळवाचा पाऊस इतक्या झटपट येतो की इशारा वाजेलच याची खात्री नाही. काळे ढग दिसले, गडगडाट ऐकू आला की कडा आणि माथा सोडा, घड्याळाची वाट बघू नका.

खरेदी करताना माहितीपत्रकात ‘बॅरोमेट्रिक’ हा शब्द आहे का, ते आधी बघा. नुसत्या जीपीएसवर काढलेली उंची नकाशावरच्या जागेपेक्षा जास्त चुकते. उंची हाताने भरता आली पाहिजे. ती सोय नसेल तर ते घड्याळ घेऊच नका. दुकानातच चार मजले जिना चढून बघा, बारा मीटरच्या आसपास फरक दिसायला हवा. छत्रपती संभाजीनगरात दाब ९४०-९५० हेक्टोपास्कल दिसला तर तो बरोबर आहे. १००० च्या पुढचा आकडा म्हणजे हाच दाब समुद्रसपाटीला किती असता, असा हिशेब करून दाखवलेला असतो. जीपीएस सतत चालू ठेवल्यावर बॅटरी किती तास टिकते, हेही विचारून घ्या.

दाब मोजणाऱ्या सेन्सरचं छिद्र बारीक असतं. घाम आणि काळ्या मातीची धूळ त्यात साचली की आकडा अडकून राहतो, मग एकदम उडी मारतो. घड्याळ पाण्यात चालणारं असेल तर कोमट साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून वाळू द्या. छिद्रात टाचणी घालू नका, आतला पातळ पडदा फाटतो. हवेचं तापमान हवं असेल तर घड्याळ मनगटावरून काढून वीस-तीस मिनिटं सावलीत ठेवा. हातावर असताना ते अंगाची ऊबही मोजत असतं.