दुर्मिळ आजाराच्या औषधासाठी सरकारी मदत: या चुका टाळा

केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातून 50 लाखांपर्यंत मदत मिळते, हे बऱ्याच पालकांच्या कानावर असतं. ऐकलं की पहिला प्रश्न येतो, "चेक कोणाच्या नावाने?" कोणाच्याच नाही. आरोग्य मंत्रालय पैसे थेट ठरलेल्या सरकारी रुग्णालयाला, म्हणजे सेंटर ऑफ एक्सलन्सला देतं. औषध ते रुग्णालय मागवतं. म्हणून दागिने गहाण टाकून खासगीत औषध सुरू करायचं आणि नंतर बिलांची फाईल घेऊन जायचं, या चुकीइतकी महाग चूक दुसरी नाही. आधी केंद्रात नोंद, मग औषध. आमदारांचं पत्र जोडलं तर जोडा, पण केसपेपर केंद्राचाच लागतो.

आता केंद्र कोणतं? महाराष्ट्रात मुंबईचं केईएम, म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण धोरण जवळच्या केंद्रात जायला सांगतं. नागपूरकरांना भोपाळचं एम्स मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे, नांदेड-लातूरकरांना हैदराबादचं निम्स सोयीचं. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून एन्झाइम (शरीरात कमी पडणारं प्रथिन) घ्यायचं असेल, तर या अंतराची किंमत वर्षभरात कळते.

धोरणात आजारांचे तीन गट आहेत; तिसऱ्यात उपचार असलेले, पण फार महाग किंवा आयुष्यभर औषध लागणारे आजार येतात. "तुमचा आजार तिसऱ्या गटातला, त्याला मदत नाही" असं कोणी सांगितलं तर तिथूनच परत फिरू नका. ते जुन्या नियमावरून बोलत असतात. सुरुवातीला 20 लाखांची मदत फक्त पहिल्या गटाला, म्हणजे एकदाच्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या आजारांना होती. मे 2022 मध्ये मर्यादा 50 लाख झाली आणि गोशे, पॉम्पे (दोन्ही एन्झाइमच्या कमतरतेचे), एसएमए (स्नायू दुबळे करत नेणारा) यांसारखे तिसऱ्या गटातले आजारही तिच्यात आले.

कागदांमध्ये फाईल सर्वांत जास्त अडते ती निदानावर. "लक्षणं गोशेची वाटतात" एवढ्या चिठ्ठीवर लाखांचं औषध कोणी लिहून देत नाही, आणि देऊही नये. एन्झाइमची तपासणी किंवा जनुकीय रिपोर्ट लागतो. जनुकीय रिपोर्टमध्ये "बदल सापडला, पण त्याचा अर्थ अनिश्चित" असा शेरा असेल तर ते निदान पक्कं झालेलं नाही. असा रिपोर्ट घेऊन रात्रभराचा प्रवास करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आई-वडिलांचीही तपासणी लागेल का.

मग खर्चाचा अंदाज. 50 लाख ही वर्षाची रक्कम नाही, रुग्णामागे एकूण मर्यादा आहे. एन्झाइमचा डोस वजनावर ठरतो. गोशेसाठी इमिग्लुसरेज हे एन्झाइमचं औषध किलोमागे 60 युनिट धरलं, तर 10 किलोच्या मुलाला एका वेळी 600 युनिट लागतात, म्हणजे 400 युनिटची दीड बाटली. तेच मूल 20 किलोचं झालं की तीन बाटल्या. मूल बाळसं धरतं आणि पैसे लवकर संपतात, असा हा विचित्र हिशेब. त्यामुळे पैसे संपल्यावर काय, हे पहिल्याच भेटीत केंद्राच्या सोशल वर्करना विचारा. लोकांकडून देणगी घेण्यासाठी मंत्रालयाचं पोर्टल आहे; त्यावर रुग्णाची नोंद केंद्रच करतं.

जुन्या किमतीवरचा अंदाजही पुन्हा तपासून घ्या. एसएमएच्या रिसडिप्लाम या औषधाची बाटली सहा लाखांच्या घरात होती. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयीन लढाईनंतर नॅटको या भारतीय कंपनीने त्याचं जेनेरिक, म्हणजे तेच औषध स्वस्तात, आणलं, 15,900 रुपयांना. त्याआधीचा खर्चाचा कागद तसाच पुढे सरकवला तर जी रक्कम अनेक वर्षं पुरली असती ती वर्षभरात संपल्यासारखी दिसते.

औषध स्वतः परदेशातून मागवत असाल, तर 1 एप्रिल 2023 पासून धोरणाच्या यादीतल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराच्या आयातीवर मूळ सीमाशुल्क माफ आहे. मात्र आरोग्य संचालक किंवा जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र लागतं. पार्सल विमानतळावर उतरल्यावर त्याची धावपळ सुरू करू नका. औषध बऱ्याचदा सतत थंड ठेवावं लागतं आणि सिव्हिल सर्जन नेमके त्या दिवशी दौऱ्यावर असतात.