डुकराचं क्लोनिंग: अंडपेशी ॲक्टिव्हेट करताना काय सांभाळायचं

क्लोनिंगमध्ये अंडपेशीतला न्यूक्लियस काढून तिला दात्या जनावराची एक पेशी (दाता पेशी) जोडतात. नवीन मुलं लॅबमध्ये आली की सगळा जीव न्यूक्लियस काढण्यात घालतात, सुई, होल्डिंग पिपेट, हात स्थिर हवा वगैरे. ते जमतं हो, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. पण माझ्या मते भ्रूण वाढणार की नाही ते जास्त करून त्याच्या पुढच्या तासाभरात ठरतं, म्हणजे ॲक्टिव्हेशनमध्ये, अंडपेशीला वाढीसाठी जागं करण्यात.

नॉर्मल फलनात शुक्रपेशी आत येताना पीएलसी-झीटा नावाचं प्रोटीन घेऊन येते, त्याने अंडपेशीत कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि दुसऱ्या मेटाफेजला (विभाजनाच्या मधल्या टप्प्याला) अडकलेली पेशी जागी होते. क्लोनिंगमध्ये शुक्रपेशीच नाही, त्यामुळे हे काम आपल्याला विजेच्या झटक्याने करावं लागतं.

आधी अंडपेशी नीट पिकू द्या. ३८.५-३९ डिग्रीला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ४२-४४ तास, पहिले २०-२२ तास हॉर्मोनसकट आणि मग हॉर्मोनशिवाय. ओव्हरी आणताना थंड होऊ देऊ नका, डुकराच्या अंडपेशीत चरबी खूप असते आणि थंडी तिला अजिबात सोसत नाही. पोलर बॉडी (पिकताना अंडपेशी जादा क्रोमोसोम बाहेर टाकते तो छोटा गोळा) स्पष्ट दिसते तेवढ्याच पेशी घ्यायच्या, "चालेल" वाटणाऱ्या नकोत.

आता पल्स, म्हणजे विजेचा झटका. ०.३ मोलर मॅनिटॉलचं द्रावण, फ्यूजन (दोन्ही पेशी एक करणं) आणि ॲक्टिव्हेशन एकदमच करायचं असेल तर त्यात १ मिलीमोलर कॅल्शियम, आणि आधी फक्त फ्यूज करून नंतर ॲक्टिव्हेट करायचं असेल तर ०.१. सेंटीमीटरला १.२ किलोव्होल्ट, ३० मायक्रोसेकंदाच्या दोन पल्स, इथून सुरुवात करा आणि मग आपल्या मशीनप्रमाणे थोडं वरखाली करा. इलेक्ट्रोडमध्ये १ मिलिमीटर अंतर असेल तर १२० व्होल्ट होतात, हा हिशोब कागदावर लिहून मशीनला चिकटवा, खरंच, घाईत गडबड होते. दात्या पेशीचा आणि अंडपेशीचा सांधा इलेक्ट्रोडला समांतर आला पाहिजे, म्हणजे करंट त्या सांध्यातून आरपार जाईल. आणि पेशी मॅनिटॉलमध्ये धुताना तळाशी जाऊन बसेपर्यंत थांबा. माझ्या पेशी बरेच दिवस पल्सनंतर फुटत होत्या आणि मी व्होल्टेज कमी करत बसले होते, शेवटी कळलं की जुन्या मीडियाचं (पेशी ठेवायच्या द्रावणाचं) मीठ सोबत येत होतं, त्याने करंट वाढायचा.

पल्सनंतर लगेच सायटोकॅलॅसिन बी (पेशीला पोलर बॉडी बाहेर टाकू न देणारं रसायन), साधारण ४ तास. हे का, तर दाता पेशी जी-झिरो किंवा जी-वन मधली (डीएनएची नक्कल होण्याआधीची) असते, तिचे क्रोमोसोम आधीच बरोबर संख्येत असतात, त्यातले काही खोट्या पोलर बॉडीत बाहेर गेले तर भ्रूण गेलंच समजा. काही लॅब ६-डीएमएपी नाहीतर सायक्लोहेक्सिमाइडही देतात, त्याने एमपीएफ (अंडपेशीला मेटाफेजला अडकवून ठेवणारं प्रोटीन) परत वर येत नाही, एका झटक्याची कॅल्शियमची उसळी थोडाच वेळ टिकते म्हणून ही मदत लागते.

मग पीझेडएम-३ (डुकराची भ्रूणं वाढवायचा मीडिया), वरून तेल, ऑक्सिजन ५ टक्के. मीडिया आदल्या दिवशीच इनक्यूबेटरमध्ये ठेवा. ४८ तासांनी विभाजन बघा, पण तुकडे झालेली पेशी वरून विभाजनासारखीच दिसते, शंका आली तर त्यातली थोडी होएक्स्टने (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) रंगवून प्रत्येक भागात न्यूक्लियस आहे का ते पहा. डुकरात भ्रूणाचे स्वतःचे जीन ४ पेशींच्या टप्प्याला चालू होतात त्यामुळे बरेचसे तिथेच अडकतात. ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी झालेलं भ्रूण) ६-७ व्या दिवशी.

आणि दर वेळी, अगदी दर वेळी, न्यूक्लियस न काढलेल्या थोड्या अंडपेशी त्याच पल्सने ॲक्टिव्हेट करून शेजारी वाढवा. त्या ब्लास्टोसिस्टपर्यंत गेल्या आणि क्लोन नाही गेले तर दोष दात्या पेशीत किंवा तुमच्या सुईकामात, दोन्ही अडकले तर अंडपेशी, मीडिया नाहीतर पल्स. हा कंट्रोल नसेल तर आठवडाभर अंधारात चाचपडाल.

ट्रान्सफरला एका मादीत शंभरावर भ्रूणं घालतात ते उगाच नाही, १२ व्या दिवसाच्या आसपास किमान चार जिवंत नसतील तर तिचं शरीर गर्भ धरूनच ठेवत नाही.