उन्हाळ्यात स्लॅब टाकताय? बजेटमधल्या या चुका टाळा

अकोला-अमरावतीकडे पावसाआधी डोक्यावर छत हवं म्हणून भर मे महिन्यात स्लॅबची घाई असते. सिमेंट, लोहा, गिट्टी, रेती, सेंट्रिंग, मजुरी अशी बेरीज करून लोक ठेकेदाराच्या हातावर इसार ठेवतात. पाणी त्या कागदावर नसतंच.

पाणी फुकट धरणं

1,000 चौरस फुटांचा, 5 इंच जाडीचा स्लॅब घ्या. बीम सोडून काँक्रीट लागतं 417 घनफूट, म्हणजे 11.8 घनमीटर. एम-20 ला (घराच्या स्लॅबसाठी नेहमी वापरतात त्या प्रतीच्या काँक्रीटला) घनमीटरमागे 8 गोण्या धरल्या तर साधारण 95 गोण्या. गोणीला जास्तीत जास्त 30 लीटर या हिशोबाने कालवायलाच 2,850 लीटर गेले. पुढे स्लॅबवर वाफे बांधून 2 इंच पाणी उभं करायला 4,700 लीटर. आपल्याकडच्या उन्हात रोज एक सेंटिमीटर पाणी उडालं, तरी दिवसाला 900 लीटरची भर घालावी लागते.

कोरड्या, उष्ण हवेत क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान 10 दिवस हवं आणि पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर 14, असं आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं. म्हणजे 10,000 लीटरचे दोन टँकर कागदावर आधीच लिहा. ‘घरची बोअर आहे की’ म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न: पाणी गोडं आहे का? पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात ते खारं निघतं आणि त्यातल्या क्लोराइडने आतला लोहा गंजतो. सळईच्या काँक्रीटला लीटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं. पाणी आधी तपासून घ्या. पुढे छताचे पोपडे पडायला लागले की दुरुस्तीच्या खर्चात असे कित्येक टँकर आले असते.

दुपार फुकटात मिळते असं समजणं

सकाळी नऊला सुरू झालेलं काम ऐन एक वाजता निम्म्यावर असतं. माल घमेल्यातच आवळतो, मग कोणीतरी मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त ओततं. काम सोपं होतं, पण काँक्रीट कमजोर पडतं. त्यापेक्षा संध्याकाळी सुरू करा आणि रात्रीची मजुरी, दिवे, जनरेटर बजेटमध्ये धरा. व्हायब्रेटरची (ओला माल हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राची) एक सुई जास्तीची मागवा. एकुलती सुई बंद पडून तासभर काम थांबलं, तर जुन्या-नव्या मालाच्या सांध्यातून पहिल्याच पावसात छत गळू शकतं. गिट्टीचा ढीग झाकून, ओला ठेवा. सेंट्रिंगच्या तापलेल्या प्लेटांवरही पाणी मारा, फक्त ते साचू देऊ नका.

सेंट्रिंगचं भाडं आठवड्याचंच धरणं

स्लॅबच्या 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14 दिवस काढायचे नसतात, आणि हेही ओपीसीचं, म्हणजे साध्या सिमेंटचं गणित. पीपीसीला जास्त दिवस लागतात. किती, ते इंजिनिअरकडून आधीच लिहून घ्या.

प्लेटा खचलेल्या असतील तर खर्च वेगळ्याच वाटेने वाढतो. सगळीकडे नुसता अर्धा इंच जाडी वाढली, तर 42 घनफूट काँक्रीट, म्हणजे 9-10 गोण्या जास्त जातात. ओतण्याआधी दोरी धरून पातळी बघा. ठेकेदाराला घाई असते, तुम्हाला नसावी.

भेगा दिसल्याच तर

ओतून दोन-चार तासांत वरवर बारीक भेगा दिसल्या, तर वारा-उन्हाने पाणी उडालंय. माल ओला असेतो थापीने पुन्हा घोटा आणि प्लास्टिकने झाका. वर कोरडं सिमेंट भुरभुरू नका, त्याचा पापुद्रा सुटतो. घट्ट झाल्यावर ओलं गोणपाट टाका, दुसऱ्या दिवशी वाफे बांधा. महिनाभराने खालून तीच भेग आरपार दिसली, किंवा तिथून पाणी झिरपलं, तर मिस्त्रीकडून सिमेंटचं पाणी ओतून घेऊ नका. थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.